मुक्काम पोस्ट शिरूर कासार

(प्रस्तावना)

महाराष्ट्रात नुसतं ‘शिरूर’ म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, कुठलं? पुणे जिल्ह्यातलं घोडनदीचं, लातुरातलं अनंतपाळ, की अहमदपूरकडचं ताजबंद? बीड जिल्ह्यातलं शिरूर या गर्दीत ओळखू येतं ते एका शब्दानं: कासार. ‘कांस्यकार’ या संस्कृत शब्दाचा हा मराठी वारस. काशाची, पितळेची, तांब्याची भांडी विकणारा, आणि ज्याच्या घरच्या बाया गावोगाव बांगड्या भरत फिरल्या तो समाज. बालाघाट डोंगराच्या याच अंगाला, शेजारच्या पाटोदा तालुक्यात अंमळनेर आहे. खानदेशातल्या अंमळनेराशी गल्लत होऊ नये म्हणून त्याला ‘भांड्याचे अंमळनेर’ म्हणतात. गोदावरीकाठी गेवराई तालुक्यात राक्षसभुवन आहे, ते ‘शनीचे’. गावाच्या नावामागं लागलेली ही शेपटं आपण पत्त्यावर लिहितो आणि विसरून जातो. मु. पो. अमुक, ता. तमुक. त्या ‘मु.’चा अर्थ मुक्काम, हेही आता कुणाच्या ध्यानात येत नाही.

हे पुस्तक त्या दोन गोष्टींवर उभं आहे: गावाच्या नावामागचा शब्द, आणि मुक्काम.

मी शिरूर कासारला पहिल्यांदा उतरलो तो गाडी बदलायला. पुढची एसटी दोन तासांनी होती. सिंदफणेच्या काठानं सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन आलो आणि परतताना पेठेतून चाललो. भांड्यांच्या एका दुकानात एक म्हातारे गृहस्थ मोडीत आलेली भांडी काट्यावर टाकण्याआधी एकेक हातात घेऊन फिरवून पाहत होते. मी थांबलेला पाहून त्यांनी एक तांब्या पुढं केला. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती. लग्नाची तिथी, देणाऱ्याचं नाव, जिला दिला तिचं नाव, आणि दोन्हीकडची गावं. “आधी वाचायचं, मग वजन करायचं,” ते म्हणाले. मोडीचा भाव वजनावर ठरतो, नावाला त्यात काही किंमत नाही. तरी ते वाचत होते, कारण पेठेत बसून आसपासच्या पन्नास गावांची सोयरीक त्यांना अशीच पाठ झाली होती. कुठल्या गावच्या मुली कुठं दिल्या, कुठल्या वर्षी लग्नं कमी झाली, दुष्काळात कुणाच्या घरची घागर मोडीला आली, हे सगळं त्या दुकानात धातूवर लिहिलेलं होतं.

माझी एसटी गेली. मी रात्री तिथंच राहिलो. या पुस्तकाला प्रस्तावना लिहिण्याचा माझा काही अधिकार असेल तर तो त्या चुकलेल्या गाडीमुळं.

आडवाटेवरची जुनी गावं पाहणं याला मराठीत अजून नीटसं नाव नाही. किल्ले पाहतात त्याला दुर्गभ्रमण म्हणतात, देवस्थानं करतात त्याला यात्रा. पण जिथं बुलंद किल्ला नाही, ज्योतिर्लिंग नाही, अजिंठ्यासारखी लेणी नाहीत, तरी पाचसातशे वर्षं माणसं बाजाराला येत राहिली आहेत, अशा गावाला इतिहासासाठी जायचं हा विचारच आपल्याकडे नवा आहे. जुन्या कागदपत्रांत या गावांना नेमका शब्द होता: कसबा. मौजे म्हणजे शेतीचं गाव. कसबा म्हणजे परगण्याचं मुख्य गाव, जिथं बाजार भरतो. परगण्याचा कारभार देशमुख-देशपांड्यांकडे, पेठेचा शेटे-महाजनांकडे. न्यायनिवाड्याला आणि निकाहाला काजी. वेशीच्या आत बलुतेदारांची आळी, वेशीबाहेर बारव आणि धर्मशाळा. शिंप्याकडे कापड, तेल्याकडे तेल, कासाराकडे भांडं, आणि आठवड्यातून एकदा हे सगळं उघड्यावर. आजच्या तालुक्याच्या गावांतली बरीचशी या कसब्यांच्या जागीच उभी आहेत. शिरूरचा तालुक्याचा दर्जा अलीकडचा असला तरी पेठ तहसील कचेरीच्या आधीची आहे.

नावामागचं शेपूट या कसब्याची पहिली पाटी असते. सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा यांतला ‘राजा’ जाधवरावांच्या घराण्याकडे बोट दाखवतो. कारंज्यामागचे ‘लाड’ व्यापारी जमातीचे. अमरावती जिल्ह्यात एक चांदूर रेल्वे आणि एक चांदूर बाजार, म्हणजे एका गावाला रूळ आले आणि दुसऱ्याची ओळख बाजारच राहिली. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ तर थेट फारसीतून आले. बुजुर्ग म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. महसूल लिहिणाऱ्या कारकुनाची भाषा गावाच्या नावात राहून गेली आणि आपण ती मराठी करून टाकली. पाटी वाचायला शिकलं की एसटीच्या खिडकीतूनही इतिहास दिसू लागतो, हे मी अनुभवानं सांगतो.

मग ही गावं नजरेआड का राहिली? लोक सहज म्हणतात, मराठवाडा मागास म्हणून. मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. खरं कारण सरहद्दीत आहे. शिरूर तालुक्याच्या पश्चिमेला पाथर्डी. १९४७ पर्यंत पाथर्डी ब्रिटिश मुलखात होती आणि शिरूर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इकडून तिकडं माल न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात. नाणंही वेगळं: निजामाचा हाली रुपया, सात हालींना सहा कलदार असा साधारण हिशेब. आणि पुस्तकंही वेगळी. मुंबई इलाख्यासाठी जेम्स कॅम्पबेलनं जिल्हावार गॅझेटिअरं काढली. अहमदनगरचा खंड १८८४ चा. गावाची लोकसंख्या, बाजाराचा वार, देवळाची लांबीरुंदी, जत्रेला येणारी माणसं हे सगळं त्या खंडांत आहे, आणि पुढच्या प्रत्येक प्रवासवर्णनकारानं आणि इतिहासकारानं ते उचललं. हैदराबादच्या मुलखाची सय्यद हुसेन बिलग्रामी आणि विलमॉट यांनी त्याच सुमारास मोठी ओळख लिहिली, पण ती सगळ्या संस्थानाची. एकेका कसब्यात शिरायला तिला सवड नव्हती. १९१४ साली संस्थानाचं पुरातत्त्व खातं सुरू झालं. गुलाम याझदानींसारखा जाणता माणूस त्याचा प्रमुख होता, पण त्यांची हयात अजिंठा, वेरूळ, बीदर अशा थोर जागांना लागली. बीड जिल्ह्याचं महाराष्ट्र शासनाचं गॅझेटिअर आलं १९६९ साली.

याचा परिणाम किती खोल झाला ते दोन रणांगणांवरून कळतं. ११ मार्च १७९५ ची खर्ड्याची लढाई शाळेच्या पुस्तकातून प्रत्येकाला ठाऊक असते. खर्डं जामखेड तालुक्यात, म्हणजे ब्रिटिश मुलखात. तिथला किल्ला, निंबाळकरांचं घराणं, सगळं नोंदलेलं. त्याआधी १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनला, गोदावरीच्या काठी, अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यानं निजामाच्या फौजेचा मोड केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथंच पडला. पानिपतानंतर अडीच वर्षांत मराठी राज्य पुन्हा उभं राहिलं त्याची ही खूण. त्र्यं. शं. शेजवलकरांनी ‘निजाम-पेशवे संबंध’ लिहिताना या झगड्याचा माग काढला. पण रणांगणाचं गाव पाहायला आज कोण जातं? राक्षसभुवनला गर्दी असते ती शनी अमावास्येची. मी त्या गर्दीला नाव ठेवत नाही. घाटावर उभं राहून नदी पाहताना, श्रावणातल्या गोदावरीनं त्या दिवशी कुणाला अडवलं आणि कुणाला वाचवलं असेल, हे समजावून देणारं कुणीतरी तिथं असावं एवढंच वाटतं.

गावं पाहून लिहून ठेवायची मराठी रीत मात्र इंग्रजांच्या फार आधीची आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ हे तिचं आद्य रूप. चक्रधरस्वामी कुठं कुठं बसले, निजले, जेवले, त्या जागा त्यांच्यामागं अनुयायांनी शोधून नोंदल्या: गावाच्या कुठल्या दिशेला देऊळ, त्याचं दार कुठल्या तोंडाचं, कोणत्या ओट्यापासून कोणता ओटा किती जवळ. हेतू भक्तीचा होता. पण काम झालं मोजणीदाराचं. यादवकाळातल्या महाराष्ट्राचं असं दुसरं चित्र नाही. वि. भि. कोलत्यांनी ही पोथी संपादून दिली नसती तर आपण त्या काळच्या गावांत पाऊलही टाकू शकलो नसतो. आजच्या प्रवासलेखनात मी बऱ्याचदा हा गुण शोधतो आणि तो सापडत नाही. लेखकाला काय वाटलं ते पानभर असतं, देवळाचं दार कुठल्या दिशेला ते नसतं.

त्यानंतरचा मोठा टप्पा वि. का. राजवाड्यांचा. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. त्याच्या आधीपासून हा माणूस गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडत होता. राजवाडे प्रत म्हणून ओळखली जाणारी आणि १९०९ मध्ये छापलेली ज्ञानेश्वरी त्यांना मिळाली ती बीडच्या पाटांगणात. माझ्या मते या पंथाची ताकद आणि उणीव एकाच ठिकाणी आहे. कागद मिळाला की गाव सुटलं. वाड्यातली दप्तरं पुण्याला आली, वाचली गेली, छापली गेली, आणि वाडा तिथंच पावसात उभा राहिला. शिलालेखांचं मात्र असं करता येत नाही, दगड जागेवरच वाचावा लागतो. शं. गो. तुळपुळ्यांचे ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’, ब्रह्मानंद देशपांड्यांचं यादवांवरचं काम, गो. बं. देगलूरकरांचा मराठवाड्यातल्या देवळांचा अभ्यास यांमुळं होट्टल, चारठाणा, धर्मापुरी ही नावं निदान जाणकारांच्या तोंडी आली.

तिसरी वाट दामोदर धर्मानंद कोसंबींची. गणिताचा हा प्राध्यापक काठी घेऊन पुण्याभोवतीच्या टेकड्या तुडवत असे. १९६२ च्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात एक विलक्षण मांडणी आहे: पालख्यांच्या वाटा वारकऱ्यांनी काढलेल्या नाहीत. अश्मयुगातल्या माणसाची, पुढं धनगरांची आणि व्यापाऱ्यांची जी पायवाट होती, तिच्यावरूनच वारी चालते. माथ्यावर, खिंडीत, तीन वाटा मिळतात तिथं असलेली शेंदराची देवी हा त्या वाटेचा मैलाचा दगड. त्याच सुमारास इंग्लंडात हॉस्किन्सनं ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप’ लिहून शेताच्या बांधावरून आणि वाकड्या रस्त्यावरून इतिहास वाचायला शिकवलं. दोघांचं मूळ म्हणणं एकच, चांगले जोडे घाला आणि बाहेर पडा. पुढं रा. चिं. ढेऱ्यांनी दैवतांचा माग काढताना हीच वाट पोथ्यांच्या आणि लोकगीतांच्या अंगानं चालून दाखवली.

दुर्गभ्रमणाविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. गो. नी. दांडेकरांनी तीन पिढ्यांना गडावर नेलं, हे ऋण मोठं आहे. पण त्यामुळं इतिहास म्हणजे सह्याद्री आणि सह्याद्री म्हणजे शिवकाल असं समीकरणही घट्ट झालं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. अभिमान वाटलाच. त्यांत मराठवाड्यातला एकही नाही हेही डोळ्यांपुढं आलं. धारूर, परांडा, औसा, उदगीर, कंधार हे भुईकोट आणि डोंगरी किल्ले दुसऱ्या एका इतिहासाचे आहेत, बहामनी आणि निजामशाही-आदिलशाहीच्या काळचे. १६३१ मध्ये शाहजहानच्या फौजेनं धारूर घेतला तेव्हा निजामशाहीचा पायाच हलला. हाही आपलाच इतिहास आहे.

कोसंबींची वाट शिरूर तालुक्यात प्रत्यक्ष पाहता येते. पैठणहून निघालेली एकनाथांची पालखी दर आषाढवारीला या तालुक्यातून जाते. रायमोहा, मग पाटोदा, खर्डा, परांडा असे मुक्काम करत पंढरपूर गाठते. आता या नावांकडे इतिहासाच्या अंगानं पाहा. पैठण ही सातवाहनांची राजधानी. खर्डा रणांगण. परांडा किल्ला. ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलं आहे, ते आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, पैठणहून तेरला निघालेल्या माणसाला बालाघाट ओलांडावाच लागतो. विटांचं जुनं त्रिविक्रम मंदिर आणि लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहायला तेरला जरूर जावं. पण त्याआधी एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामाचं अंतर पाहावं. ओझ्यासकट माणूस दिवसभरात जेवढं चालेल तेवढंच ते असतं. संध्याकाळी जिथं पाणी, वैरण आणि चूल मिळेल तिथं कसबा वाढला. वाहनानं हे अंतर पाऊण तासात संपतं, म्हणून मधली गावं आपल्याला ‘काही नसलेली’ वाटतात.

याच डोंगररांगेत, गर्भगिरी म्हणतात तिला, नाथपंथाची ठाणी दाटीनं आहेत. मायंब्याला मच्छिंद्रनाथ, चिंचोलीला गहिनीनाथ, येवलवाडीला जालिंदरनाथ, पलीकडे मढीला कानिफनाथ. मढीची यात्रा म्हणजे भटक्या जमातींचं एकत्र येण्याचं ठिकाण, आणि तिथला गाढवांचा बाजार पिढ्यान्‌पिढ्या भरत आला आहे. कानिफनाथांना शाह रमजान म्हणून हात जोडणारे भाविकही याच भागातले. जवळच भगवानगड आणि नारायणगड, ज्यांच्या सप्ताहांनी या कोरडवाहू मुलखाला आपला आवाज दिला. एका दिवसाच्या फेरीत हे सगळं ‘करून’ येणारी मंडळी मी पाहतो तेव्हा मला त्यांना हाताला धरून बसवावंसं वाटतं.

बसल्यावर काय होतं? अंबाजोगाईचं उदाहरण घेतो. योगेश्वरीचं दर्शन अर्ध्या तासात होतं. पण थांबलात तर कुणीतरी दासोपंतांच्या पासोडीविषयी सांगतं: जवळपास ४० फूट लांबीच्या कापडावर सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या कवीनं पंचीकरण लिहून ठेवलं आहे, आकृत्यांसकट. मग हत्तीखान्याची लेणी. मग यादवांचा सेनापती खोलेश्वर याच्या कुळाचा शिलालेख. शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० मधला. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला, आणि त्याची बहीण लक्ष्मी हिनं भावाच्या आठवणीसाठी देऊळ उभारलं. आठशे वर्षांपूर्वी एका बहिणीनं भावासाठी केलेलं हे काम दगडावर नावानिशी टिकून आहे, आणि त्या शहरातून रोज जाणाऱ्या हजारो माणसांच्या ते कानावरही नाही. याच गावाचं नाव निजामकाळात मोमिनाबाद होतं, इथं फौजेची छावणी होती, आणि इथल्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते. एका गावाचे हे तीन थर. कुठलाही एक उचलला तर उरलेले दोन खोटे पडतात.

बीड शहराचंही तसंच. कंकालेश्वराचं पाण्यातलं देऊळ लोक पाहतात. खजाना बावडी मात्र पाहावी तिच्या पाण्यासाठी: निजामशाहीतल्या सलाबतखानानं सोळाव्या शतकात बांधवलेली ही विहीर भूमिगत नहरांनी जोडलेली आहे आणि दुष्काळी जिल्ह्यात शेतांना पाणी देत आली आहे. ते पाणी कुठून येतं, किती उतारानं वाहतं, हे विचारत गेलं की गावाचा नकाशा आपोआप उलगडतो. गेल्या काही वर्षांत तरुणांच्या गटांनी गावोगावच्या बारवा उपसल्या, झाडोरा काढला, दिवे लावले. इतिहासलेखनाची ही सर्वांत नवी शाखा, आणि ती फावड्यानं लिहिली जाते आहे. मला तिचा सर्वांत जास्त भरवसा वाटतो.

हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर रुळांवर आहे. १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे धावली. ज्या मार्गासाठी इथल्या पिढ्यांनी मागण्या केल्या, त्याच्या वाटेवर अंमळनेर आहे, विघनवाडी आणि रायमोहा आहेत. शेवटची दोन शिरूर तालुक्यातली. म्हणजे नाथांच्या पालखीचं मुक्कामाचं गाव आता रेल्वेचं स्टेशन झालं. त्याच महिन्यात सिंदफणेला मोठा पूर आला. नदीकाठच्या जुन्या पेठा, मातीच्या भिंतींचे माळवदी वाडे, पांढऱ्या मातीच्या गढ्या यांना असे पूर सोसत नाहीत. भिंत पडली की चार पत्रे उभे राहतात, आणि त्यात कुणाचा दोष नाही. घर राहायला हवं असतं. पण पडण्याआधी कुणी पाहिलं, मोजलं, फोटो काढला तर निदान स्थानपोथीतली एक ओळ तरी वाढते.

जगात दुसऱ्या टोकाला उलटी अडचण आहे. व्हेनिसनं एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली, कारण न राहता फक्त पाहून जाणाऱ्यांनी गाव गुदमरलं. शिरूर कासारावर ती वेळ येणार नाही. तरी त्यातली खूणगाठ आपल्या उपयोगाची आहे. मुक्काम करणारा पाहुणा गावाला पोसतो. खानावळीत जेवतो, कटिंगला बसतो, बाजारात काही घेतो, रात्री कीर्तनाला जातो. तासाभराचा पाहुणा नुसती धूळ उडवतो.

पाहुण्यानं आणखी एक पंचांग सांभाळायला हवं. दसरा झाला की या तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात सहा सहा महिने पालांत राहायचं. हिवाळा हा पर्यटनाचा मोसम म्हणून तुम्ही डिसेंबरात वाड्यावस्त्यांवर गेलात तर दाराला कुलूप आणि ओट्यावर म्हातारी माणसं दिसतील. तुम्ही लिहाल की गाव ओस पडलं. गाव ओस पडलेलं नाही, ते कामावर गेलं आहे. पाडव्याच्या पुढं टोळ्या परततात, लग्नं निघतात आणि पेठ भरते. हे ज्याला कळलं नाही त्यानं शिरूरचा इतिहास लिहू नये, असं मी या पुस्तकाच्या पहिल्याच बैठकीत म्हणालो होतो. संपादकांनी ते मानलं, आणि कसब्यांच्या पुस्तकात हंगामी स्थलांतराला जागा दिली. मला हा या संग्रहाचा सर्वांत धीट निर्णय वाटतो.

संग्रहाची रीत साधी आहे. प्रत्येक लेखकानं आपल्या गावी निदान दोन मुक्काम करायचे, एक बाजाराच्या दिवशी आणि एक बिनबाजाराच्या. देवळाच्या दाराची दिशा लिहायची. पाणी कुठून येतं ते लिहायचं. गावाच्या नावामागच्या शब्दाविषयी गावात किमान पाच जणांना विचारायचं आणि पाच उत्तरं वेगळी आली तर पाचही द्यायची. वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ, दर्गा, मठ, मशिदीतला शिलालेख, वाड्याची चौकट यांत लहानमोठं करायचं नाही. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला की भंडाऱ्याकडच्या आंभोऱ्याला, असा जुना वाद आला तिथं दोन्ही बाजू मांडल्या आहेत. काही वाचकांना हे गुळमुळीत वाटेल. मला वाटत नाही. गावाचा दावा हासुद्धा गावाच्या इतिहासाचा भाग असतो.

माझी एक तक्रारही नोंदवतो. या पुस्तकाच्या आखणीत सुरुवातीला सगळीकडे ‘अपरिचित’ हा शब्द होता. तो मी आग्रहानं काढायला लावला. कुणाला अपरिचित? सिंदफणेकाठच्या माणसाला शिरूर अपरिचित नाही; आठवड्याला तो तिथं मिरची, बी-बियाणं आणि औषध घ्यायला येतो. अपरिचित आपण आहोत, आणि जायचं तर तसंच जावं. वेशीतून, पायी, आधी कुणाला तरी रामराम घालून.

काय पाहायचं याच्या याद्या या पुस्तकात फार नाहीत. नकाशे आहेत, अंतरं आहेत, कुठल्या वारी कुठं बाजार हे आहे, पाणी आणि जेवण कुठं मिळेल हे आहे. तागडगावचं जखमी वन्यजीवांसाठीचं केंद्र आणि नायगावचं मयूर अभयारण्य वाटेत आहे, मुलं बरोबर असतील तर तेवढंच त्यांना पुरे. बाकी ज्यानं त्यानं शोधावं.

त्या पहिल्या फेरीतला तांब्या मी मोडीच्याच भावानं विकत घेतला. म्हाताऱ्या गृहस्थांनी वजन करायच्या आधी तो पुन्हा एकदा वाचला. ही प्रस्तावना लिहिताना तो टेबलावर आहे. देणाऱ्याकडचं गाव स्वच्छ वाचता येतं, रायमोहा. मुलीच्या सासरचं गाव रोजच्या घासण्यानं झिजलं आहे. पहिली तीन अक्षरं तेवढी उरलीत, शिरूर, आणि पुढं नुसते ठिपके.